वेठीचे पोहे

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे पोह्यांना पहिला मान. चकल्या-करंज्या डब्यात भरलेल्या असतात, परंतु दुपारपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. अभ्यंगस्नान झाले, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडले, त्याचा कडू रस जिभेला लावून तोंड वाकडे केले, की पानावर पोहे. दह्याचे, दुधगुळाचे, फोडणीचे, दडपे आणि नारळाच्या रसातले. आंजर्ल्यात याचे कोणाला नवल नाही. घरोघरी थोड्याफार फरकाने हेच असते. पण आमच्या घरी या पोह्यांना एक आख्यान जोडलेले होते, आणि ते माझी आजी दरवर्षी न चुकता सांगे.

आख्यान असे. आमचे मूळ घर आंजर्ल्याचे नव्हे. जोग नदीच्या खाडीने वर गेले, की डोंगराच्या कुशीत एक लहानसे गाव लागते. त्या गावची खोती आमच्याकडे होती. (गावाचे नाव सांगत नाही. पंचवीस-तीस उंबऱ्यांचे गाव, माणसे लगेच ओळखू येतील.) आजी त्या घरात सून म्हणून आली, तेव्हा दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवस हळव्या भाताचे पोहे कांडायचा थाट असे. भात रात्रभर भिजलेले, पहाटे खापरात भाजायचे, आणि गरम आहे तोवरच व्हाइनात घालून मुसळाचे घाव. "आठ-आठ बायका यायच्या," आजी म्हणे, "गाणी म्हणत कांडायच्या. घर कसं भरून जायचं. आता हे तुमचे पिशवीतले पोहे म्हणजे नुसता कागद!"

माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी हा प्रसंग जसाच्या तसा घातला. कंदिलाचा उजेड, भाजल्या भाताचा वास, आठ बायकांची गाणी, आणि पडवीत झोपाळ्यावर बसलेला उदार खोत. त्या प्रकरणाबद्दल मला जितकी पत्रे आली तितकी दुसऱ्या कशाबद्दल आली नाहीत. एका बाईंनी लिहिले होते की वाचताना डोळ्यांत पाणी आले. मला बरे वाटले. लेखकाला असल्या पाण्याची फार तहान असते.

यंदा गणपती उठल्यावर मी आजोबांची ट्रंक उघडली. कारण वाङ्मयीन मुळीच नव्हते. त्या गावी आमची नऊ एकर जमीन उरली आहे. आम्ही चार चुलत भाऊ तिचे धनी. एक गिऱ्हाईक आले आहे. डोंगरावरून खाडीचे मुख दिसते, आणि हल्ली समुद्र दिसला की डोंगराला भाव येतो. मोठा चुलतभाऊ डोंबिवलीला असतो; त्याने फोनवरून सांगितले, "जुने कागद तुझ्याकडे आहेत, तेवढे पाहून ठेव."

कागद पाहता पाहता एक वही हाती लागली. लाल बासनातली, लांबट, आजोबांच्या हातची. पणजोबांच्या वह्या मोडीत आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. ही बाळबोध होती. पाने उलटत गेलो. कुळांची नावे, भाताचे मण, अर्धेल, तिर्धेल, फसकी. आणि शके १८५७ च्या पानावर ही ओळ:

'आश्विन वद्य ११. पोहे कांडणे. बायका ८. वेठ.'

पुढच्या रकान्यात मजुरी. तिथे पूज्य.

नव्या वाचकांना वेठ म्हणजे काय ते सांगायला हवे. खोत हा मूळचा सरकारसारा गोळा करून भरणारा मधला माणूस. कोकणात तो हळूहळू गावचा मालकच होऊन बसला. आश्विनात पीक उभे असतानाच तो शेताच्या बांधावर येऊन अंदाज करी. याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावर भाताचे अर्धे आणि नाचणी-वरीसारख्या वरकस पिकाचा तिसरा हिस्सा त्याचा. प्रत्यक्षात भात कमी भरले तर ते कुळाचे नशीब. याखेरीज कुळाने खोताच्या घरी फुकट राबायचे, ती वेठ. आठ दिवसांतून एक दिवस म्हणून आठवेठ. नांगर घेऊन यायचे ती नांगरवेठ. इंग्रज सरकारने १८८० साली खोतीचा कायदा केला, तरी कागदावरचे कागदावर राहिले.

हे सारे मला माहीत नव्हते असे नाही. पण वेठ हा शब्द माझ्यासाठी पुस्तकातला होता. तो आमच्या पोह्यांच्या शेजारी, आजोबांच्या त्या टपोऱ्या सुरेख अक्षरात पाहिला, आणि मी वही मिटून ठेवली. दोन दिवस पुन्हा उघडली नाही.

आजोबांबद्दल सांगतो. गाव त्यांना अण्णा खोत म्हणे. १९३० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाला गेले. तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मी त्यांना पाहिले ते आंजर्ल्याच्या या घरात, पडवीत, खादीच्या बंडीत. पलीकडच्या तीरावर जायला तेव्हा पूल नव्हता, तरीची वाट बघावी लागे. ती येईपर्यंत ते मला तुरुंगातल्या गोष्टी सांगत. "सक्तीची मजुरी म्हणजे काय ते मला विचार," ते म्हणत. "रोजचं दळण ठरलेलं. हाताला फोड आले तरी जातं थांबवायचं नाही. फोडांचं काही नाही रे. पण आपल्या मर्जीवाचून दुसऱ्यासाठी दळायचं, हे माणसाच्या जिवाला लागतं."

हे बोलणारा माणूस आणि त्या रकान्यात पूज्य घालणारा माणूस एकच. सत्याग्रहानंतर पाच वर्षांनी, त्याच हातांनी.

ही गोष्ट मी मनातच ठेवली असती. पण शाळेत एक प्रसंग घडला. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रकलेची पदविका. इतिहासाचा आणि माझा संबंध शिवाजीमहाराजांच्या जिरेटोपाची छाया बरोबर पडली की नाही एवढाच. पण इतिहासाच्या बाई रजेवर गेल्या आणि नववीचा तास माझ्याकडे आला. विषय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. मास्तराने अभ्यास केल्याशिवाय वर्गात जाऊ नये या जुन्या भीतीने मी रात्री बसून वाचले, आणि वाचता वाचता थॉमस जेफरसन या गृहस्थाजवळ अडकून पडलो.

सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे १७७६ साली जगाला ऐकवणारा हा मनुष्य. व्हर्जिनियातल्या टेकडीवर मोंटिसेलो नावाचे त्याचे घर, आणि त्या घरादाराला, शेताला, खिळे पाडण्याच्या कारखान्याला राबणारे गुलाम. आयुष्यभरात सहाशेंहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. बरे, त्याला कळत नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापारावर कडक परिच्छेद लिहिला होता. सहकाऱ्यांनी तो गाळला. देव न्यायी आहे हे आठवले की आपल्या देशाची भीती वाटते, असे त्याने पुस्तकात लिहून ठेवले. राष्ट्राध्यक्ष असताना परदेशातून गुलाम आणण्यास बंदी करणाऱ्या कायद्यावर सही केली. तो १८०८ च्या पहिल्या तारखेपासून अमलात आला. आणि १८२० साली एका पत्रात म्हणाला की आम्ही लांडग्याचे कान धरून बसलो आहोत; धरवत नाही आणि सोडवतही नाही. एवढे सगळे जाणून त्याने मोकळे किती केले? हयातीत दोन आणि मृत्युपत्राने पाच. ते बहुतेक एकाच हेमिंग्ज घराण्यातले. त्या घराण्यातल्या सॅली नावाच्या दासीची मुले जेफरसनचीच होती, हे आता बहुतेक इतिहासकार मान्य करतात. (हे मी वर्गात सांगितले नाही.) जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ४ जुलै १८२६ ला, तो वारला. डोक्यावर कर्जाचा डोंगर. पुढच्या जानेवारीत त्याच टेकडीवर एकशेतीस माणसांच्या लिलावाची जाहिरात लागली.

मी हे सांगत असताना वर्ग कधी नव्हे तो शांत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती खाडीच्या वरच्या अंगाहून एस.टी.ने येते, कुठल्या गावाहून ते वाचकांनी ओळखलेच असेल.

"सर, त्याला एवढं वाईट वाटत होतं, तर त्यानं सोडलं का नाही त्यांना?"

"कर्ज होतं ना," मी म्हणालो. "गुलाम म्हणजे त्याची मिळकत. सावकार कसे सोडू देतील?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "कर्ज तर आमच्या बाबांना पण आहे."

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी येताना कड्यावरच्या गणपतीच्या पायथ्याशी सायकल उभी करून बराच वेळ बसलो. मुलीच्या त्या वाक्याला उत्तर नव्हते. अजूनही सापडलेले नाही.

लांब अमेरिकेला जायला तरी कशाला हवे? दापोलीपासून जवळच चिखलगाव आहे. लोकमान्य टिळकांचे मूळ गाव. ते जन्मले रत्नागिरीला, १८५६ साली. दहाव्या वर्षी पुण्याला गेले. परंतु चिखलगावच्या खोतीत त्यांच्या घराचा वाटा होता. आमच्या पडवीत त्यांची तसबीर असे, आणि पणजोबा केसरी मोठ्याने वाचून दाखवीत. ऐकायला कुळेही बसत, अंगणात, असे आजोबा अभिमानाने सांगत. १८९६-९७ च्या दुष्काळात याच टिळकांनी खेड्यापाड्यांतल्या रयतेला सांगितले की पीक बुडाले असेल तर सारा भरू नका, सरकारचाच दुष्काळाचा कायदा तुमच्या बाजूने आहे. सरकारापुढे मान वाकवलेल्या कुणब्याला असे सांगायला छाती लागते. आणि थोड्याच वर्षांनी सरकारने खोतीच्या कायद्यात कुळांना सोईची दुरुस्ती करायचे मनात आणले, तेव्हा टिळक खोतांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की हा प्रश्न हक्काचा आहे, दयेचा नव्हे. एकाचे उत्पन्न काढून दुसऱ्याला वाटण्याचा सरकारला अधिकार नाही.

स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हणणाऱ्या माणसाने 'हक्क' हा शब्द इथेही वापरावा! १९१८ साली मुंबईच्या परिषदेत, देव अस्पृश्यता मानीत असेल तर मी त्याला देव म्हणणार नाही, असे ते कडाडले. आणि अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी केली नाही. टिळकांना लहान करण्यासाठी मी हे सांगत नाही. सहा वर्षे मंडालेत काढलेल्या माणसाला लहान करायला माझ्यासारखा मास्तर कोण? खोतीच्या चार मणांवर त्यांचे घर चालत नव्हते, हेही खरे. पण मग मोह कशाचा होता, हे मला अधिकच कळेनासे होते. पोटासाठी धरलेली गोष्ट एखादे वेळी सुटते. हक्क म्हणून धरलेली सुटत नाही, असे काही असेल का?

त्यांचे चिरंजीव श्रीधरपंत मात्र डॉक्टर आंबेडकरांचे स्नेही झाले. १९२८ साली त्यांनी पुण्याच्या गायकवाडवाड्यातच सर्व जातींचे सहभोजन घडवून आणले. त्याच वर्षी ते अकाली गेले. आणि आंबेडकर तर आमच्याच अंगणातले. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, वडील पेन्शनीनंतर काही काळ दापोलीला होते. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईला आले. तिकडे अलिबागेजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी १९३३ पासून शेती ओस टाकून संप चालवलाच होता. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडले. याच्याही पुष्कळ आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पुण्यात बसून त्यांना मोंटिसेलोची टेकडी आणि आमचे व्हाइन एका ओळीत दिसले होते. मला ते दिसायला एक वही आणि एक नववीतली मुलगी लागली.

खोती म्हणजे गुलामगिरी नव्हे, असे मी स्वतःला पुष्कळ समजावले. कुळाचा कोणी लिलाव केला नाही. (पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, तो निराळा विषय.) कुळाला बायकापोरे होती, घर होते, नमन-खेळे होते. फरक आहे, आणि मोठा आहे. पण ज्या आठ बायका पहाटे स्वतःच्या घरचे भात सोडून आमचे कांडायला आल्या, त्यांना हा फरक कोणी सांगितला असेल?

त्यांच्यापैकी एकीचा मुलगा हयात आहे. नव्वदीला टेकलेला, सारे त्याला बुवा म्हणतात. नववीतली ती मुलगी त्याचीच नात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी तिच्याबरोबरच एस.टी.ने गेलो. बुवा अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून उठायला लागले. मी घाईने खाली बसवले. नव्वद वर्षांचा माणूस माझ्यासाठी उठू लागतो ही गोष्टही मला त्या दिवशी प्रथमच खुपली. एरवी इतकी वर्षे ते उठत आणि मी नमस्कार स्वीकारीत असे.

मी सरळच विचारले, "बुवा, तुमची आई आमच्याकडे पोहे कांडायला येत असे ना?"

"येत व्हती तर. मी पाठीशी असायचा. लई थंडी."

"गाणी म्हणायच्या ना त्या?"

बुवांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले. "झोप येऊ नये म्हनून म्हनायच्या, मास्तर. मुसळ हातावर पडलं म्हंजे?"

"आणि मग पोहे मिळत असतील तुम्हाला…"

"कोंडा मिळायचा. कोंड्यात कण्या असायच्या, त्या आय निवडायची." ते हसले. त्यांच्या हसण्यात डंख नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. "अण्णा खोत तसा बरा मानूस. कधी हात न्हाई उचलला. आजारपनाला औषध द्यायचा. पर वेठ ती वेठच."

माझ्या कादंबरीतले ते प्रकरण त्यांच्या नातीने त्यांना वाचून दाखवले आहे, असे मग कळले. "ब्येस लिवलंय," बुवा म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत.

उठता उठता त्यांनी घरामागच्या उतारावर नजर टाकली. तिथे काजूची झाडे आहेत. मी मोजली, एकोणीस. लावलेली बुवांनी, राखलेली बुवांनी, गवत कापतात तेही बुवांचीच मुले. आणि सातबारावर आम्ही चार भाऊ. हे कसे, ते ट्रंकेतल्या दुसऱ्या कागदात होते. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरवून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. त्या सुमाराचा एक जबाब आहे: मी ही जमीन कूळ म्हणून कसत नाही, खोतांचा मजूर म्हणून कसतो. खाली बुवांच्या वडिलांचा अंगठा. बाकी सारी भातशेती कुळांच्या नावे झाली, ती आजोबांनी कुरकुर न करता दिली. एवढा हा वरकसाचा तुकडा राहिला.

"तुमच्या वडिलांनी अंगठा का दिला?" मी विचारले.

"बाप म्हनाला, अण्णा देशापायी तुरुंगात जाऊन आला, तो आपल्याला फसवील व्हय?"

आजोबांनी फसवले असे मला आजही म्हणवत नाही. कदाचित त्यांना ते फसवणे वाटलेच नसेल. हक्क वाटला असेल. मी बुवांना विचारले, तुकडा तुमच्या नावे करून हवा का? ते एकदम गंभीर झाले. "मी काय मागाया आलोय का मास्तर? तुमीच आलाव." मग नातीला हाक मारून म्हणाले, सरांना काजू बांधून दे.

घरी येऊन मी चुलतभावांना फोन केले. म्हटले, विक्रीच्या आधी बुवांच्या कब्जातला तुकडा मोजून वेगळा काढू. दोघे म्हणाले, मोठा म्हणेल तसे. मोठा शांतपणे म्हणाला, "तुला वाटतं तर काढ. पण तुझ्या वाट्यातून." तो दुष्ट नाही. त्याच्या मुलाचे दुकान नुकतेच बुडाले आहे. मी हिशेब केला. आमचे नऊ एकर, माणशी सव्वादोन. काजूचा तुकडा किती? सव्वादोन एकर. पाटीवरच्या गणितातही असे उत्तर येत नाही.

माझी थोरली मुलगी रत्नागिरीला शिकते. तिच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज आहे, आणि या विक्रीतून ते फिटेल असे मी घरात सांगून ठेवले आहे. चार रात्री मी त्या लांडग्याचे कान धरून जागा होतो. पाचव्या दिवशी दापोलीला जाऊन वकिलांकडे बक्षीसपत्राचा मसुदा करायला सांगितला, आणि परत येताना एस.टी.त दोनदा मनात आले की उतरावे आणि सांगावे, राहू द्या. उतरलो नाही. त्यात धैर्याचा भाग थोडा, आणि पुढची गाडी संध्याकाळी होती हा भाग बराच.

यंदाचे पोहे हर्णैच्या बाजारातून आणले आहेत, पिशवीतले. मोजणीवाला तुळशीचे लग्न झाल्यावर येणार आहे. सौ.ला मी अजून काही सांगितलेले नाही. रोज सांगायचे ठरवतो, आणि रोज ती फराळाच्या गडबडीत असते. पण हा अंक त्याआधीच घरी येईल, आणि आमच्याकडे दिवाळी अंक सर्वांत आधी तीच वाचते.